खुब्यातील दांडा आणि नोंदवही : चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूने वाचलेला एक इतिहास

१/ विसाव्या शतकातील शस्त्रक्रियेच्या इतिहासात खुब्याच्या सांधारोपणाला मानाचे पान मिळते. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील २००७ च्या एका लेखाने तिला ‘शतकाची शस्त्रक्रिया’ म्हटले. हा गौरव अनाठायी नाही. मात्र हा इतिहास सहसा शोध लावणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो. भामरागड, एटापल्ली, जिवती किंवा गोंडपिपरी येथील पंचविशीतल्या रुग्णाच्या बाजूने तो वाचला, तर त्यातील सर्वांत महत्त्वाचा शोध धातूचा किंवा प्लास्टिकचा ठरत नाही. तो ठरतो एका नोंदवहीचा. हा धागा त्या नोंदवहीविषयी.

२/ आधी रचना. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत फिरतो. सांधारोपणात हा माथा कापून काढतात, खोबणीत कृत्रिम वाटी बसवतात आणि मांडीच्या हाडाच्या मज्जापोकळीत धातूचा लांब, निमुळता दांडा उतरवतात. वैद्यकात त्याला ‘फेमोरल स्टेम’ म्हणतात. कृत्रिम गोळा या दांड्याच्या टोकावर बसतो. साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. तो सारा भार हाडाकडे पोहोचवण्याचे काम या दांड्याचे. दांडा सैल झाला की सांधा गेला.

३/ युरोप-अमेरिकेत या शस्त्रक्रियेचा नेहमीचा रुग्ण साठी ओलांडलेला असतो. वयाने सांध्याची झीज झालेली असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्याच्या शेजारी दुसराच रुग्ण उभा असतो. वय वीस ते पस्तीस, धान रोवणीला किंवा तेंदूपान तोडायला जाणारा आणि एका पायाने लंगडणारा. त्याच्या खुब्याचा माथा वयाने झिजलेला नसतो. रक्ताअभावी तो मेलेला असतो. त्यामागचे नेहमी आढळणारे एक कारण म्हणजे सिकलसेल.

४/ सिकलसेलचा इतिहास जंगलापासून वेगळा काढता येत नाही. या आजाराचे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आले, तर माणूस वाहक होतो आणि घातक हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवून दिले. म्हणजे जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे हे जनुक टिकले. गडचिरोली आजही महाराष्ट्रातील हिवतापाचा प्रमुख जिल्हा आहे. ज्या जनुकाने वाहक आजोबांना हिवतापातून वाचवले, तेच दोन्हीकडून आलेल्या नातवाच्या हाडांचा रक्तपुरवठा तोडते.

५/ भारतात या आजाराची नोंद उशिरा झाली. अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन १९१० मध्ये केले होते. निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये लेहमान आणि कटबुश यांना या पेशी सापडल्या त्या १९५२ मध्ये. नागपूर परिसरातील रुग्णांविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये आला. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी समाजांची दीर्घकाळ पाहणी केली. त्या पाहणीत माडियांमध्ये साधारण पाचांत एक आणि परधानांमध्ये साधारण तिघांत एक जण या जनुकाचा धनी आढळला. डॉ. काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

६/ खुबा कसा मरतो? मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात आणि पर्यायी वाटा थोड्या. विळ्यासारख्या ताठर पेशी तिथे अडकतात. रक्ताविना हाडाचा तुकडा निर्जीव होतो. काही काळ तो भार सोसतो, मग खचतो. गोल माथा चपटा झाला की उखळीत फिरेनासा होतो. प्रत्येक पावलाला कळ येते. रोवणीला वाकणे, मोह वेचायला उकिडवे बसणे, अंगणात मांडी घालणे ही रोजची कामे एकेक करून सुटत जातात. या अवस्थेला पोहोचलेल्या माथ्याला पूर्ववत करणारे औषध नाही. तिथे दांड्याचा इतिहास सुरू होतो.

७/ बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास क्षयाने नष्ट झालेल्या सांध्यांच्या जागी हस्तिदंती सांधे बसवले. जंतुसंसर्गाने ते टिकले नाहीत. १९४० मध्ये अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरल्ड बोलमन यांनी व्हायटॅलियम या मिश्रधातूचा मोठा कृत्रिम भाग एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाला जोडला. तो हाडाच्या बाहेरून बोल्टने बसवला होता. १९४६ मध्ये पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी अ‍ॅक्रिलिकचा माथा आखूड दांडीवर बसवला. सुरुवातीला रुग्ण आनंदाने चालले, पुढे तो झिजला आणि मोडला. पहिल्या वर्षाचे यश आणि दहाव्या वर्षाचे यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या इतिहासातील पहिला धडा.

८/ १९५० च्या सुमारास फ्रेडरिक थॉम्पसन आणि त्यानंतर ऑस्टिन मूर यांनी निर्णायक पाऊल उचलले. दांडा हाडाच्या बाहेर न ठेवता त्यांनी तो मज्जापोकळीत उतरवला. मूर यांच्या दांड्याला खिडक्या होत्या. त्यांतून हाड वाढावे आणि दांडा जखडला जावा, ही कल्पना. भारतातील सरकारी रुग्णालयांत वृद्धांच्या खुब्याच्या अस्थिभंगासाठी ‘ऑस्टिन मूर’ हे नाव पुढे इतके रुळले की तो माणूस होता हेच अनेकांच्या ध्यानात राहिले नाही. मात्र या रचनेत वाटी नव्हती. धातूचा गोळा थेट रुग्णाच्या खोबणीत फिरत असे. तरुण, कष्टकरी माणसाच्या खोबणीला ते घर्षण फार काळ मानवत नाही.

९/ संपूर्ण सांधा बदलण्याची आधुनिक पद्धत जॉन चार्न्ली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे घडवली. हे रुग्णालय मुळात क्षयरोग्यांचे. वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन निवडले. गुळगुळीत, जणू आदर्श. १९५८ पासून सुमारे तीनशे रुग्णांना ते बसवले गेले आणि काही वर्षांतच झिजून त्याचा भुगा आसपासच्या ऊतींना जाळू लागला. ही प्रतिक्रिया पाहण्यासाठी चार्न्ली यांनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावले, अपयश सांगितले आणि सांधे काढून दिले. रुग्ण कोण आणि राहतो कुठे हे ठाऊक होते, म्हणूनच हे शक्य झाले.

१०/ त्यानंतर मागाच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे एक कठीण पॉलिथिलीन राइटिंग्टनला पोहोचले. चार्न्ली यांना त्यात दम वाटला नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते तरीही यंत्रावर चढवून पाहिले, आणि टेफ्लॉनच्या तुलनेत ते जवळजवळ झिजलेच नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिलीनची वाटी, सव्वाबावीस मिलिमीटर व्यासाचा छोटा गोळा, पोलादी दांडा आणि अ‍ॅक्रिलिक सिमेंट अशी जोडणी रुग्णांत बसू लागली. चार्न्ली रुग्णांना आणखी एक विनंती करीत : मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी परत द्यावा. त्यांच्या लेखी शस्त्रक्रिया टाके घातल्यावर संपत नव्हती.

११/ तरीही दांडे मोडत होते. चालताना पडणारा लाखो पावलांचा भार पोलादाला थकवतो, तार पुन्हापुन्हा वाकवल्यावर तुटावी तसा. पोलाद सुधारले गेले. दुसरी गोष्ट एक्सिटरची. तेथे रॉबिन लिंग आणि अभियंता क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये गुळगुळीत, निमुळता दांडा आणला. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग खरबरीत करण्यात आला. खरबरीत धातू सिमेंटला घट्ट धरेल, हा तर्क कुणालाही पटावा असाच होता. प्रत्यक्षात खरबरीत दांडे अधिक प्रमाणात सैल झाले. गुळगुळीत दांडा सिमेंटमध्ये किंचित खाली सरकून पाचरीसारखा अधिक घट्ट बसत होता. १९८६ मध्ये पुन्हा गुळगुळीत पृष्ठभागाकडे परतावे लागले.

१२/ एक्सिटरच्या या दहा वर्षांत कुणी निष्काळजीपणा केला नव्हता. तर्क नीट होता, उत्तर चुकले. ते चुकले हे कळले, कारण रुग्ण वर्षानुवर्षे परत येत होते, त्यांची क्ष-किरण चित्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली जात होती. खुब्यातील दांड्याचा परीक्षक काळ असतो. प्रयोगशाळा त्याची जागा घेऊ शकत नाही. आणि काळाची साक्ष नोंदीशिवाय मिळत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

१३/ पुढे सिमेंटविना दांडे आले. सच्छिद्र किंवा हाडातील खनिजासारख्या हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा लेप दिलेला धातू हाडात घट्ट ठोकून बसवायचा आणि हाडाला त्यावर वाढू द्यायचे. फ्रान्समध्ये १९८६ मध्ये आलेला ‘कोराई’ हा अशा दांड्यांपैकी सर्वाधिक गाजलेला. तरुण रुग्णांसाठी ही वाट अधिक पसंत केली जाते. सिकलसेलमध्ये तर जुने सिमेंटचे दांडे लवकर सैल होत असल्याचे अनुभव अनेक देशांतून आले होते. बिनसिमेंटच्या दांड्यांनी चित्र बरेच सुधारले.

१४/ पण सिकलसेलचे हाड सरळ नसते. जुन्या आघातांनी मज्जापोकळी अरुंद, कुठे दगडासारखी कठीण, कुठे पोकळ झालेली असते. दांड्यासाठी वाट कोरताना हाड चिरण्याचा किंवा अवजार बाजूने बाहेर निघण्याचा धोका असतो. जंतुसंसर्गाची शक्यता जास्त. शस्त्रक्रियेआधी रक्त द्यावे लागते. शरीर थंड पडू न देणे, पाणी कमी पडू न देणे, प्राणवायू पुरेसा ठेवणे ही पथ्ये कडक पाळावी लागतात. म्हणजे वृद्ध युरोपीय हाडावर घडलेली वस्तू इथे वेगळ्या हाडात, वेगळ्या वयात आणि वेगळ्या जीवनात उतरते. तिची कामगिरी तिथल्या आकड्यांवरून गृहीत धरणे म्हणजे परक्या गावच्या सातबाऱ्यावर आपली शेती मोजणे.

१५/ वेगळ्या जीवनाचा मुद्दा गौण नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाय घडवला, तो अनवाणी चालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसासाठी. ‘हा माणूस बसतो कसा?’ हा प्रश्न तिथे रचनेच्या आरंभी होता. खुब्याच्या बाबतीत तो बहुधा शेवटी, घरी जाण्याच्या दिवशी येतो. खाली बसू नका, वाकू नका, उंच कमोड वापरा. ज्या घरात खुर्ची नाही आणि शौचाची जागा नाल्याकाठी आहे, तिथे हा सल्ला किती दिवस पाळला जाईल?

१६/ आता नोंदवहीकडे. स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या सांधारोपणाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणता दांडा, कोणत्या रुग्णाला, कधी, आणि पुन्हा काढावा लागला का, एवढेच प्रश्न. त्यातून वाईट दांडे बाजूला पडले आणि दुरुस्तीच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण घटले. ब्रिटनमध्ये अशी नोंदवही नव्हती. तिथे १९९१ मध्ये ‘थ्री-एम कॅपिटल’ नावाचा स्वस्त सांधा बाजारात आला. त्याचे दांडे लवकर सैल होत होते. अधिकृत इशारा निघाला १९९८ मध्ये, तोवर तो चार हजारांहून अधिक लोकांच्या शरीरात गेला होता. त्या प्रकरणानंतर, २००३ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सची राष्ट्रीय नोंदवही कामाला लागली.

१७/ भारताची पाळी त्यानंतर आली. डिप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा सांधा. दोष दांड्यात नव्हता, वाटी आणि गोळा यांच्या घर्षणात होता. कोबाल्ट-क्रोमियमचे कण रुग्णांच्या ऊतींत आणि रक्तात उतरत होते. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने धोका ओळखला आणि २००९ च्या अखेरीस तिथे तो मागे घेतला गेला. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये उघड झाला, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणा लागलेला नव्हता.

१८/ या आकड्यावर थांबायला हवे. हे रुग्ण मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांत, चांगले पैसे मोजून शस्त्रक्रिया केलेले. पत्ता, फोन, बिल, सारे काही असलेले. त्यांपैकी चारांत तिघे सापडले नाहीत. मग बिनागुंडा परिसरातल्या एखाद्या पाड्यावरचा तरुण नागपुरात सांधा बसवून परतला आणि दहा वर्षांनी त्याच्या दांड्यात दोष निघाला, तर त्याला शोधणार कोण आणि कुठल्या कागदावरून? रुग्णालयाची फाईल नष्ट झालेली, डिस्चार्ज कार्ड पावसाने भिजलेले, आणि दांडा कुठला हे त्याला स्वतःला कधी सांगितलेलेच नाही.

१९/ वयाचे गणित तर आणखी कठोर आहे. २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के कृत्रिम सांधे पंचवीस वर्षे टिकतात. पासष्टाव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यासाठी ही आनंदाची वार्ता आहे. पंचविसाव्या वर्षी झालेल्याला तिचा अर्थ वेगळा : पन्नाशीच्या आत-बाहेर दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी ठेवायला हवी. दुसऱ्या वेळी आधीचा दांडा उपसावा लागतो. तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, सिमेंटचा की बिनसिमेंटचा, हे ठाऊक नसेल तर शल्यविशारद अंधारात हात घालतो.

२०/ अंतराची अडचण खरी आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला, तरी या जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलच राहिला. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तेही तुटते. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये आले, गडचिरोलीला २०२४ मध्ये. दुसरीकडे, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली त्यांत गडचिरोली होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. पैशाअभावी शस्त्रक्रियाच नाही, ही अवस्था त्यामुळे बरीच पालटली.

२१/ दोष नेमका इथेच राहतो. योजना शस्त्रक्रिया मोजते, दांड्याचे आयुष्य मोजत नाही. दावा मंजूर झाला की प्रकरण मिटते. २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा देशभर किमतीची चर्चा झाली. ‘टिकतो किती?’ हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ नव्हता. भारतात खुबा-गुडघ्याच्या शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. सरकारी पैशाने बसलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद सक्तीची असायला काय हरकत आहे?

२२/ पहिला आक्षेप : आधी सिकलसेलचा आजार आटोक्यात आणा, सांधे नंतर. तो अर्धा बरोबर आहे. वेळीच निदान आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेदनेचे झटके कमी करते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेले राष्ट्रीय अभियान सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे लक्ष्य ठेवते. पण ज्यांचा खुबा आज खचला आहे ते २०४७ पर्यंत एका पायावर उभे राहू शकत नाहीत. उलट याच अभियानात प्रत्येक रुग्णाची नोंद होते. त्याच नोंदीत दांड्याच्या चार ओळी जोडणे, एवढीच मागणी आहे.

२३/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर : दुर्गम भागात असे कागद कोण सांभाळणार? याचे उत्तर गडचिरोलीनेच देऊन ठेवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग केला. गावातल्याच आरोग्यदूत बायांनी जन्म-मृत्यूची नोंद ठेवली, बाळे तोलली, आजार ओळखले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये तो निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ने छापला. त्या यशाचा पाया गावात ठेवलेली, विश्वासार्ह नोंद हा होता. जिथे अर्भकांची नोंद काटेकोर राहू शकते, तिथे काही शेकडा सांध्यांची का राहू नये?

२४/ मागणी मोठी नाही. कृत्रिम सांध्याच्या खोक्यासोबत चिकटपट्ट्या येतात. त्यांवर कंपनी, प्रकार, माप आणि तुकडी क्रमांक असतो. त्यांपैकी एक रुग्णाच्या हाती, एक तालुक्याच्या रुग्णालयात, एक राज्याच्या नोंदवहीत. ठरावीक वर्षांनी चंद्रपूर किंवा गडचिरोलीतच क्ष-किरण तपासणी, येण्याजाण्याच्या भाड्यासह. आणि ‘दांडा सैल होताना मांडीत कळ येते, तेव्हा थांबू नका’ हे वाक्य माडिया आणि गोंडीत समजावून सांगणारा माणूस. नवा, महागडा दांडा आणण्यापेक्षा जुन्या, सिद्ध झालेल्या दांड्यामागे वीस वर्षे उभे राहणारी व्यवस्था या रुग्णांना अधिक वर्षे चालवील.

२५/ दस्तऐवज नसलेल्या माणसांचा इतिहास लिहिता येत नाही, अशी खंत इतिहासाचे अभ्यासक वारंवार व्यक्त करतात. मध्य भारतातील आदिवासींबाबत ती विशेष खरी आहे. त्यांच्याविषयी कागद आहेत ते बहुधा वनखात्याचे, महसुलाचे आणि पोलिसांचे. खुब्यातील दांड्याची नोंद हा त्यांच्या बाजूने ठेवलेला कागद ठरू शकतो. तो नसेल, तर २०५० मध्ये एखाद्या टेबलावर उघडलेल्या मांडीत कुणीतरी एक अनोळखी धातू पाहील आणि तो कुणी, केव्हा, का बसवला याचा अंदाज बांधत बसेल. पुरातत्त्वात हे काम अपरिहार्य असते. जिवंत माणसाच्या बाबतीत ते टाळता येते.

(समाप्त)